यात्रा कोणाच्या पायांनी?

तीर्थयात्रेला निघालेल्या माणसाने वाहनात बसावे की पायीच जावे, हा प्रश्न आज अनेकांना किरकोळ वाटेल. परंतु धर्मशास्त्रावरील निबंधकारांनी, म्हणजे स्मृती आणि पुराणे यांत विखुरलेली वचने विषयवार एकत्र आणून त्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, तो पुरेशा गांभीर्याने हाताळला आहे, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीही आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) तीर्थयात्रेचा विचार करताना या चर्चेची दखल घेतली आहे. यात्रेचे पुण्य ही एक रास आहे असे धरले, तर यात्रेकरूच्या कोणत्या वागण्याने त्या राशीतून किती वजा होते, असा हा हिशेब आहे. नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर, त्र्यंबक, वैतरणा, घोटी आणि पुढे भंडारदरा अशा वाटेवर सुट्टीच्या सकाळी सायकलस्वारांचे गट आणि त्यांच्या मागेपुढे धावणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत, तेव्हा हा जुना हिशेब पुन्हा मांडून पाहण्याजोगा झाला आहे. कारण सायकल निबंधकारांच्या यादीत नव्हती, मोटार नव्हती, आणि ज्या जलाशयांच्या काठाने हा प्रवास होतो ते जलाशयही नव्हते. प्रश्न मात्र तोच आहे. माणूस जेव्हा प्रवास करतो, तेव्हा तो नक्की कोणाच्या पायांनी करतो?

या प्रश्नाला हा प्रदेश विशेष अनुरूप आहे, कारण येथे पाण्याच्याही वाटा फुटतात. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी सुमारे १,२९५ मीटर उंचीचा. त्यावर उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, तर याच डोंगरांच्या कुशीत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेकडे वळून अरबी समुद्र गाठते. पडणारे पाणी कोणत्या समुद्राकडे जाईल हे ज्या डोंगररेषेवर ठरते तिला जलविभाजक म्हणतात, आणि त्र्यंबकहून घोटीकडे जाणारा प्रवासी तासाभरात एका समुद्राच्या पाण्याकडून दुसऱ्या समुद्राच्या पाण्याकडे आलेला असतो. घाटमाथ्यावरील इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर नाशिक शहराला त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही लाभत नाही. या तफावतीमुळेच पाणी डोंगराच्या पायथ्याशी अडवून दूरच्या शेतांना आणि शहरांना देण्याची कल्पना पुढे आली. दारणा धरण १९१६ मध्ये, कळसूबाईच्या रांगेपलीकडे प्रवरेवरील भंडारदरा १९२६ मध्ये, गोदावरीवरील गंगापूर १९६५ मध्ये आणि वैतरणेवरील वरचे धरण १९७३ मध्ये पूर्ण झाले. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर ज्या पाण्यात आपले प्रतिबिंब पाहते ते पाणी तेथे निसर्गतः साठलेले नाही. या प्रदेशातील सरोवरे या अडवलेल्या नद्या आहेत, आणि ही साधी वस्तुस्थिती पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे या धातूपासून आला आहे. नदीला जेथे उतार सापडतो, जेथून माणूस आणि जनावर पलीकडच्या काठाला जाऊ शकतात, ती जागा म्हणजे तीर्थ. हा मूळचा व्यवहारातला अर्थ, आणि त्यावरून संसारातून पार नेणारे पवित्र स्थान हा पुढचा अर्थ. मृत्यूनंतर जी नदी ओलांडावी लागते असे पुराणे सांगतात, त्या वैतरणीचे नावही याच धातूशी नाते सांगते, आणि त्र्यंबकच्या डोंगरातून पश्चिमेला वाहणाऱ्या नदीने तेच नाव किंचित बदलून धारण केले आहे. मृताने ती नदी गाईच्या शेपटीला धरून पार करावी, ही गोदानामागील समजूत सर्वांना परिचित आहे. गोदावरीच्या जन्मकथेतही गायच केंद्रस्थानी आहे. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात आणि इतरत्र येणाऱ्या कथेनुसार गौतम ऋषींच्या हातून गाईचा मृत्यू घडला, किंवा तसा आरोप त्यांच्यावर आला, आणि त्या पापाच्या क्षालनासाठी त्यांनी ब्रह्मगिरीवर तप करून गंगेला खाली आणले. धावत्या प्रवाहाला त्यांनी कुश म्हणजे दर्भ टाकून जेथे वळवले व थोपवले ते कुशावर्त. आपल्यामुळे दुसऱ्या जिवाला झालेली इजा भरून काढावी, या तळमळीतून ही नदी अवतरली असे परंपरा मानते. तिच्या उगमाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर हे स्मरण असायला हवे.

निबंधकारांनी दिलेल्या वचनांकडे वळल्यावर हेच स्मरण वेगळ्या रूपात भेटते. एका वचनानुसार वाहनाने यात्रेचे अर्धे फळ नष्ट होते, छत्री आणि पादत्राणे यांनी त्याच्या अर्धे, यात्रेत व्यापार केल्यास तीन भाग, आणि दान स्वीकारल्यास सर्वच्या सर्व. दुसरे वचन वाहनावाहनांत भेद करते: बैलगाडीने गेल्यास गोवधाचा दोष लागतो, घोड्याच्या वाहनाने यात्रा निष्फळ होते, पालखीसारख्या माणसांनी वाहिलेल्या यानाने निम्मे फळ मिळते, आणि पायी जाणाऱ्याला चौपट. मत्स्यपुराण प्रयागच्या यात्रेला बैलावर बसून जाणाऱ्याची कठोर निंदा करते, आणि ऐश्वर्य, लोभ किंवा मोह यांपोटी यानाने जाणाऱ्याची यात्रा व्यर्थ जाते असेही सांगते. सोळाव्या शतकात काशीत ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिणारे नारायणभट्ट हे प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळांच्या यात्राविधीचे मोठे अधिकारी मानले जातात. त्यांचे घराणे मूळचे गोदाकाठच्या पैठणचे. ब्रह्मगिरीच्या पाण्यावर वाढलेल्या या विद्वत्परंपरेला यात्रेचे असे सूक्ष्म गणित मांडावेसे वाटले, यात काहीच आश्चर्य नाही.

या गणिताला कर्मठपणाचा नमुना म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्यातील आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर त्यांच्यामागील नैतिक दृष्टी स्पष्ट होते. वाहनाचा दोष सुखसोयीमुळेच लागत असता, तर बैलगाडीपेक्षा पालखी अधिक दोषाची ठरली असती, कारण पालखी अधिक आरामाची. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. बैल सर्वांत वरच्या दोषाचा, कारण तो मुका आहे, त्याला नकार देता येत नाही, आणि वर्षभर औत ओढून धन्याला पोसल्यावर त्याच्या पुण्यासाठीही त्यालाच जुंपले जाते. पालखीचा भोई माणूस आहे. तो बोलू शकतो, मजुरी मागू शकतो, निदान तत्त्वतः नाही म्हणू शकतो. हा अर्थ वचनांत शब्दशः दिलेला नाही, पण त्यांच्या रचनेतून तो निघतो: जो जीव जितका असहाय, त्याच्यावर आपला भार टाकण्याचा दोष तितका मोठा. दान स्वीकारणाऱ्याचे सर्व फळ जाते यामागेही हाच विचार आहे, कारण जो दुसऱ्याच्या द्रव्यावर पुण्य मिळवायला निघतो त्याने स्वतःचे असे काहीच खर्ची घातलेले नसते. मत्स्यपुराणाने यानाला दोष देताना ऐश्वर्य, लोभ आणि मोह ही कारणे सांगितली आहेत. त्यावरून असेही म्हणता येते की जो अशक्त आहे, वृद्ध आहे, आजारी आहे, त्याला तो दोष लागू नये. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना यज्ञ हे श्रीमंतांनाच परवडतात आणि यात्रा दरिद्री माणसालाही करता येते हे कारण दिले आहे; तेव्हा जे साधन दरिद्री माणसासाठी खुले केले, ते दुबळ्या माणसाला बंद करणे त्या विचाराशी विसंगत ठरेल.

आता सायकलचा विचार करता येतो. सायकल हे यान आहे यात शंका नाही, कारण माणूस तिच्यावर बसतो आणि ती चाकांवर धावते. पण ती ओढणारा बैल, घोडा किंवा भोई कोठेच नाही. स्वारच ओढणारा आणि स्वारच ओढला जाणारा, अशी स्थिती जुन्या यादीतील कोणत्याही यानात नव्हती. पायी चालण्याला जितकी ताकद लागते तेवढ्यात सपाट रस्त्यावर सायकल माणसाला तिपटीच्या आसपास अंतर नेते, तेही त्याचे पाय त्याच्याकडून काढून न घेता. त्यामुळे ती पाय आणि यान यांच्यामधल्या सीमेवर उभी राहते आणि त्या सीमेचा अर्थ तपासायला लावते. जुन्या वचनांचा आशय ‘चाक वाईट, पाऊल चांगले’ एवढाच असेल तर सायकलस्वाराचे अर्धे पुण्य गेले. पण भार कोणावर टाकला हा आशय असेल, तर सायकलस्वार पायी चालणाऱ्याच्याच पंक्तीत बसतो.

ही गोष्ट चढावर जितकी स्पष्ट होते तितकी इतरत्र होत नाही. घोटीहून भंडारदऱ्याकडे निघालेला सायकलस्वार घाटाला लागतो, तेव्हा प्रथम त्याची पाठ वाकते, मग गिअर एकेक करून खाली उतरत शेवटच्या, सर्वांत हलक्या गिअरवर येतो, आणि त्यापुढे उतरायला गिअर उरत नाही. चेनचा कडकड आवाज, छातीतील ठोका आणि पुढच्या चाकाखालून मागे सरकणारे हातभर डांबर एवढेच त्याचे जग होते. कळसूबाईचा कडा डाव्या-उजव्या हाताला कोठे आहे हेही त्याच्या लक्षात राहत नाही. घाम भुवईवरून डोळ्यांत उतरतो, आणि तो पुसण्यासाठी हात सोडला तर तोल जाईल म्हणून तसाच राहतो. रस्त्याचा चढ किती तीव्र आहे हे मोटारीत बसलेल्याला केवळ इंजिनाच्या आवाजावरून कळते. सायकलस्वाराला ते गुडघ्यांत कळते. पंडितांनी ज्याला कायक्लेश म्हटले, म्हणजे शरीराने स्वखुशीने पत्करलेला त्रास, त्याचे महत्त्व त्रासात नसून या जाणिवेत आहे: डोंगराची उंची कोणीतरी चढावीच लागते, ती फुकट मिळत नाही, हे ज्याला गुडघ्यांनी शिकवले, तो दुसऱ्याच्या गुडघ्यांबद्दल बेफिकीर राहू शकत नाही.

तरीही सायकलस्वार एकटा, निष्कलंक आणि स्वयंपूर्ण आहे असे मानणे चूक होईल. नाशिककरांना हे चांगले ठाऊक आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये नाशिकशी जोडलेले लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. या स्पर्धेत स्वारामागे मोटार असतेच. रात्रीच्या वेळी तर ती नियमानेच पाठोपाठ राहते, आणि स्वार तिच्या दिव्यांच्या उजेडात पुढे जातो. त्या मोटारीत बसलेली माणसे अन्न तयार करतात, वाट सांगतात, झोप येऊ नये म्हणून बोलत राहतात. याउलट ‘ब्रेव्हे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकलयात्रांत, ज्या आता नाशिकसह महाराष्ट्रातील अनेक शहरांत होतात आणि ज्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मर्यादा असते, ठरलेल्या थांब्यांखेरीज स्वतःच्या मोटारीची मदत घेता येत नाही. वाटेत पंक्चर झाले तर स्वारच ते काढतो, किंवा सोबतचा स्वार थांबून हात देतो. एक पद्धत सोबतीला वाहन देते, दुसरी वाहन नाकारून सोबत्याला मोकळे ठेवते. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: लांबचा पल्ला एकट्याच्या पायांवर पुरा होत नाही.

या सोबतीसाठी संस्कृतात ‘सार्थ’ हा शब्द आहे. एका उद्देशाने एकत्र निघालेला प्रवाशांचा तांडा म्हणजे सार्थ, आणि त्याला पुढे नेणारा तो सार्थवाह. वनपर्वातील यक्षप्रश्नांच्या प्रसंगी परगावी निघालेल्याचा मित्र कोण, या प्रश्नाला युधिष्ठिराने दिलेले उत्तर सार्थ हेच आहे. या उत्तरात घरचा मित्र आणि वाटेवरचा मित्र यांत जो भेद केला आहे तो मार्मिक आहे. घरचा मित्र स्वभावाने, नात्याने, सवयीने मित्र असतो. वाटेवरचा मित्र केवळ एकाच दिशेला निघाल्यामुळे मित्र होतो. म्हणून सार्थाचा धर्म वेगाशी बांधलेला असतो. वारकरी दिंडीत हा धर्म शतकानुशतके पाळला गेला आहे: दिंडी सर्वांत जोमदार पायांच्या वेगाने चालत नाही, आणि पुढचे टाळकरी मागच्यांना सोडून निघून जात नाहीत. त्र्यंबकहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाते ती जवळपास चार आठवड्यांच्या वाटचालीने. आणि अलीकडच्या काळात नाशिकहून सायकलवरूनही पंढरीची वारी निघू लागली आहे, ती काही दिवसांतच पोहोचते. वेळ कमी झाला म्हणून वारीचे वारीपण कमी झाले का, याचे उत्तर दिवस मोजून मिळणार नाही. घाटाच्या माथ्यावर पोहोचलेला पहिला स्वार शेवटच्या स्वारासाठी थांबतो की नाही, आणि थांबल्यावर त्याच्या येण्याकडे कंटाळून पाहतो की आनंदाने, यावर ते अवलंबून आहे.

सोबतीचा विचार करताना त्र्यंबकच्याच परंपरेतील एक कथा मात्र वेगळा प्रश्न उभा करते. निवृत्तिनाथांचे वडील विठ्ठलपंत आपल्या कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असताना वाटेत वाघ समोर आला, सगळे जीव मुठीत घेऊन पळाले, आणि त्या गोंधळात चुकलेला थोरला मुलगा निवृत्ती अंजनी पर्वतातील एका गुहेत शिरला. तेथे त्याला गहिनीनाथ भेटले आणि नाथपंथाचा उपदेश मिळाला, असे ही कथा सांगते. वाट चुकली नसती तर गुरू भेटला नसता, असा तिचा सरळ अर्थ कोणीही काढील आणि एकट्याच्या शोधाला सोबतीपेक्षा वरचे स्थान देईल. परंतु कथा गुहेत संपत नाही. निवृत्ती परत येतो, आणि गुहेत मिळालेले ज्ञान तो धाकट्या ज्ञानदेवाला देतो. ज्या भावंडांपासून वाघाने त्याला तोडले होते त्यांच्यातच तो उपदेश पुढे वाहू लागतो, आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या रूपाने मराठी भाषेला मिळतो. यात्रेत माणूस काही काळ एकटा पडतोच. चढावरचा सायकलस्वारही दहा जणांच्या गटात असून एकटाच असतो, कारण त्याचा श्वास दुसरा कोणी घेऊ शकत नाही. त्या एकटेपणात जे गवसले ते परत सार्थात आणून दिले तर यात्रा पुरी होते, आणि स्वतःपाशीच ठेवले तर ती वाट चुकल्यासारखीच राहते.

येथवर भार, श्रम आणि सोबत यांचा विचार प्रवाशापुरता झाला. पण या प्रदेशातील प्रवासी ज्या पाण्याच्या काठाने जातो त्या पाण्याचाही एक भार आहे, आणि तो प्रवाशाच्या नजरेबाहेर राहतो. धरण म्हणजे एका खोऱ्याने दुसऱ्यासाठी केलेला त्याग असे सभांतून म्हटले जाते; पण ‘त्याग’ हा शब्द ज्याने स्वतःहून दिले त्याच्यासाठी आहे, ज्याच्याकडून घेतले गेले त्याच्यासाठी नाही. पुणे जिल्ह्यात मुळशी येथे धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या आणि सेनापती बापट यांनी पुढे नेलेल्या सत्याग्रहाने हाच भेद जगासमोर मांडला होता: जमीन देणारा मावळा आणि वीज घेणारा शहरवासी यांच्यात करार झालेला नव्हता. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातही जलाशयांच्या तळाशी भातखाचरे आणि वहिवाटीच्या वाटा आहेत. वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, गंगापूरचे नाशिकला. आणि याच डोंगरांतील महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांतील बायकांना चैत्र-वैशाखात हंडा डोक्यावर घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरावे लागते, हे दृश्य दर उन्हाळ्यात दिसते. जुन्या वचनांच्या भाषेत बोलायचे, तर शहर ही एक मोठी पालखी आहे, आणि तिचे भोई कोठे उभे आहेत हे आत बसलेल्यांना दिसत नाही.

मोटारीचा प्रश्न या संदर्भात ठेवला की तो नीट कळतो. मोटारीला बैल नसतो, म्हणून तिच्यात बसणाऱ्याला कोणाला जुंपल्याची टोचणी लागत नाही. हीच तिची नैतिक अडचण आहे. भार नाहीसा झालेला नसतो, तो केवळ अदृश्य झालेला असतो: धुरात, इंधनात, आणि वाटेवरच्या गावांच्या शांततेत. त्र्यंबक-घोटी रस्त्यावरील पहिने हे गाव याचे ठळक उदाहरण आहे. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करणारे हजारो लोक या परिसरातून रात्रीच्या अंधारात, चिखल तुडवीत, बहुतेक अनवाणी जातात. आणि त्याच पावसाळ्यात शनिवार-रविवारी याच ठिकाणी धबधबे पाहायला आलेल्या मोटारींची रांग लागते. रस्त्याच्या कडेला खाचरांत त्या दिवसांत भाताची आवणी चाललेली असते. राब भाजून तयार केलेल्या जमिनीत वाढवलेली रोपे उपटून, जुड्या बांधून, पोटरीभर पाण्यात वाकून ती ओळीने लावली जातात. दिवसभर कमरेत वाकलेली बाई पाठ सरळ करायला क्षणभर उभी राहते, तेव्हा तिच्या समोरच्या बांधावर कोणीतरी छायाचित्रासाठी उभे असते, आणि नुकतीच लावलेली ओळ पायाखाली गेलेली असते. ज्याने हे केले तो दुष्ट असतो असे नाही. त्याला केवळ माहीत नसते की तो ज्या हिरवाईसाठी आला ती कोणाच्या तरी पाठीवर उभी आहे. मोहाने केलेला यानप्रवास निष्फळ, असे मत्स्यपुराण म्हणते. मोह याचा अर्थ येथे आसक्ती असा न घेता न दिसणे असा घेतला, तर ते वचन आजच्या मोटारीला अक्षरशः लागू पडते. तोच मोह सायकलस्वारालाही होऊ शकतो. बांधावर टाकून दिलेली पाण्याची बाटली सायकलवरून आली की मोटारीतून, याने शेतकऱ्याला फरक पडत नाही.

दुसऱ्याचा भार वाहणे नेहमीच अपमानाचे असते का, हाही प्रश्न येथे विचारला पाहिजे, कारण तसे मानले तर सेवा आणि गुलामगिरी यांत भेदच उरणार नाही. पालखीच्या रथाला आपली बैलजोडी जुंपली जावी यात शेतकऱ्याला मान वाटतो. नाशिकमध्ये चैत्रातील कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, ते दोर लावून माणसे ओढतात, आणि दोराला हात लागावा म्हणून झटतात. ओढण्याचा हा मान किती मोलाचा आहे हे १९३० मध्ये उघड झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो चिकाटीने चालवला, आणि त्या वर्षीच्या रथोत्सवात रथ ओढण्याच्या हक्कावरून संघर्ष पेटला. ज्यांना समाजाने शतकानुशतके सर्व प्रकारचे ओझे वाहायला लावले होते, त्यांना देवाच्या रथाचा दोर मात्र धरू दिला गेला नाही. या घटनेने भाराच्या विचारात एक आवश्यक भर घातली आहे. भार किती जड यापेक्षा तो स्वेच्छेने उचलता येतो का आणि नाकारता येतो का, हे महत्त्वाचे आहे. स्वेच्छेने धरलेला दोर हा सन्मान असतो. लादलेला दोर बंधन असतो, आणि नाकारलेला दोर हा अन्याय असतो.

मग प्रवाशाने करावे काय? या प्रश्नाचे उत्तर नाशिकच्या मातीत जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातील लेख आहे. परक्या शक वंशातील या अधिकाऱ्याने बौद्ध भिक्षूंसाठी लेणे कोरवले आणि ब्राह्मणांना व देवस्थानांना दाने दिली, ही त्याची ख्याती. पण त्या लेखातील दोन नोंदी प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या आहेत. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर त्याने लोकांना विनामूल्य पार नेणाऱ्या नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसावे व पाणपोया उभारल्या. आणि भरुकच्छ, दशपूर, शूर्पारक यांच्याबरोबर गोवर्धन येथेही प्रवाशांसाठी निवारा बांधला. हे गोवर्धन आजही नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव आहे. रविवारी सकाळी धरणाकडे निघालेले सायकलस्वार आणि मोटारी ज्या गावाजवळून जातात, तेथे एकेकाळी कोणी अनोळखी वाटसरूंसाठी छप्पर घातले होते.

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे पूर्ण होतो. उषवदाताने नदीला तीर्थ केले. ज्याला पैसे नाहीत, नाव नाही, पोहता येत नाही, त्यालाही पार जाता यावे अशी सोय त्याने केली. दुसऱ्याच्या पायांनी प्रवास करण्याचा दोष धर्मशास्त्राने सांगितला, आणि दुसऱ्यासाठी पाऊलवाट होण्याचा मार्ग या लेखाने दाखवला. दोन्ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत, कारण कोणताही माणूस कोणाच्याही आधाराशिवाय प्रवास करू शकत नाही. सायकल ज्या रस्त्यावर धावते तो कोणी तरी खडी टाकून केलेला असतो, तिच्या स्वाराला लागणारा घोटभर चहा घोटीच्या टपरीवर कोणी तरी पहाटे उठून उकळलेला असतो, आणि ज्या जलाशयाकडे पाहून तिचा स्वार थांबतो तो कोणाच्या तरी खाचरावर उभा असतो. हे ऋण फेडून शून्यावर आणण्याची अपेक्षा कोणतेही शास्त्र करीत नाही. गौतमांनीही मेलेली गाय जिवंत करण्याचा हट्ट न धरता पाणी आणले, आणि ते सर्वांसाठी वाहू दिले.

म्हणून पुण्याचा हिशेब आजच्या वाटेवर मांडायचा असेल, तर पाय की चाक हा त्याचा पहिला प्रश्न ठरत नाही. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याने डोंगर स्वतःच्या बळावर चढावा, कारण त्यातून त्याला भाराची जाणीव मिळते. ज्याचे नाहीत त्याने मोटारीत बसून यावे, आणि मोटार चालवणाऱ्याने चढावरच्या सोबत्यासाठी उजेड धरावा. दोघांनीही आवणीच्या खाचराला वळसा घालावा, तहानलेल्या वस्तीच्या पाण्याबद्दल शहरात परतल्यावर बोलावे आणि त्यासाठी काही करावे, आणि घाटमाथ्यावर शेवटच्या माणसाची वाट पाहावी. गोवर्धनच्या त्या निवाऱ्याचा दगडही आज जागेवर नाही, पण तो ज्यांच्यासाठी बांधला ते वाटसरू अजून याच रस्त्याने येत आहेत. त्यांतील प्रत्येकाला कोणासाठी तरी तो निवारा होता येईल.